एका घरात तीन वयं, इतिहास मात्र एकच

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा त्रेचाळीस-चव्वेचाळीसवर जातो आणि दुपारी घराबाहेर पडायची सोय राहत नाही. मुलांना घरीच शिकवणाऱ्या कुटुंबांनी पुढच्या वर्षाची आखणी करायला हाच काळ धरावा. या आखणीत सगळ्यात जास्त घोळ इतिहासाचा होतो. गणिताला स्वतःचा क्रम असतो, बेरीज पक्की झाल्याशिवाय गुणाकार पुढे सरकत नाही. भाषेलाही थोडाफार असतो. इतिहास कुठूनही उघडता येतो, म्हणून पालक तो एकदम सगळीकडून उघडतात. धाकट्याला शिवराय, मधलीला सिंधू संस्कृती, मोठ्याला स्वातंत्र्यलढा. जूनमध्ये उत्साह असतो, पोळ्यापर्यंत तो टिकतो आणि दिवाळीनंतर तिन्ही वह्या अर्ध्यावर पडलेल्या सापडतात.

कारण साधं आहे. तीन मुलं आणि प्रत्येकाचे सहा विषय म्हणजे अठरा धड्यांची तयारी. घरात स्वयंपाक आहे, शेत किंवा नोकरी आहे, आल्यागेल्याचं बघणं आहे. अठरा धडे कोणालाच झेपत नाहीत. त्यामुळे काय वेगळं ठेवायचं आणि काय एकत्र करायचं, हे सर्वात आधी ठरवावं. गणित आणि लेखन-वाचन प्रत्येकाच्या पायरीप्रमाणे वेगळंच हवं, तिथे काटकसर करू नये. इतिहास, भूगोल, विज्ञानाचे प्रयोग आणि चित्रकला मात्र सात ते चौदा वर्षांच्या मुलांना एकत्र शिकवता येतात. विषय एक, कालखंड एक, वयाप्रमाणे खोली वेगळी. माझ्या मते इतिहासाच्या आखणीतला हाच मुख्य निर्णय आहे. कोणतं पुस्तक घ्यायचं ही पुढची गोष्ट.

कालखंड एक ठरवला की चार वर्षांचं चक्र लावणं सोपं जातं. पहिल्या वर्षी माणसाच्या सुरुवातीपासून सातवाहन-वाकाटकांपर्यंत, दुसऱ्या वर्षी यादवांपासून खानदेशचे सुलतान फारुकी आणि अकबराच्या स्वारीपर्यंत, तिसऱ्या वर्षी शिवकालापासून १८१८ पर्यंत, चौथ्या वर्षी १८१८ पासून आजपर्यंत. सातव्या वर्षी सुरुवात केलेल्या मुलाचा एक फेरा अकराव्या वर्षाच्या आत संपतो आणि चौदा-पंधरापर्यंत दुसरा. पहिल्या फेऱ्यात गोष्ट, माणसं, वस्तू आणि जागा कळतात. दुसऱ्यात कारणं, पुरावे आणि मतभेद येतात. तेच ठिकाण चार वर्षांनी पुन्हा पाहताना मूल स्वतःच विचारतं की हे आपल्याला तेव्हा का नाही सांगितलं. या प्रश्नाची वाट पाहावी, तो नक्की येतो.

खानदेशात राहणाऱ्यांचं एक भाग्य असं की या चारही वर्षांना हाताशी जागा आहे. पहिल्या वर्षासाठी गिरणेकाठचं बहाळ आणि तापीकाठचं प्रकाशा ही उत्खनन झालेली ताम्रपाषाणयुगीन ठिकाणं, चाळीसगावच्या वरच्या डोंगरातलं पितळखोरं आणि जळगावपासून साठेक किलोमीटरवरचं अजिंठा. दुसऱ्या वर्षासाठी पाटणादेवी, वाघळी, साक्री तालुक्यातलं बळसाणे, तापी-पूर्णेच्या संगमावरचं चांगदेव आणि फारुकींची पहिली राजधानी थाळनेर. तिसऱ्यासाठी पारोळ्याचा भुईकोट, लळिंग, सोनगीर. चौथ्यासाठी धरणगावची भिल्ल पलटण, फैजपूरचं १९३६ चं काँग्रेस अधिवेशन, विनोबांनी १९३२ साली जिथे गीतेवर प्रवचनं दिली ते धुळ्याचं कारागृह, नंदुरबारचं शिरीषकुमारचं स्मारक. एवढं असताना इजिप्तच्या पिरॅमिडपासूनच सुरुवात करायचा हट्ट कशाला? जगाचा इतिहास यायलाच हवा, पण आपल्या काळाच्या पट्टीवर त्याच वेळी तिकडे काय चाललं होतं म्हणून.

परदेशी तयार अभ्यासक्रमांचं आकर्षण मोठं आहे. खोका येतो, त्यात रोजचं काय करायचं ते छापलेलं असतं, रंगीत कामपत्रिका असतात. गोष्टी मोठ्याने वाचणं, ऐकलेलं मुलाकडून सांगून घेणं, काळाची पट्टी भिंतीवर लावणं या त्यातल्या पद्धती उचलण्यासारख्या आहेत. मजकूर मात्र आपल्या कामाचा नाही. त्यात भारत एखाद-दोन प्रकरणांपुरता येतो, दख्खन बहुधा येतच नाही, आणि तापी-गिरणेची अपेक्षा तर करूच नये. डॉलरमध्ये पैसे मोजून ही पोकळी विकत घ्यायची आणि मग स्वतःच भरायची, यात फायदा दिसत नाही.

कणा म्हणून बालभारतीची पुस्तकं पुरेशी आहेत आणि ती ई-बालभारतीवर फुकट मिळतात. आतापर्यंतच्या पुस्तकांत तिसरीचा परिसर अभ्यास जिल्ह्याप्रमाणे वेगळा आहे, चौथीला शिवछत्रपती, पाचवीला माणसाची वाटचाल, सहावीला प्राचीन भारत, सातवीला मध्ययुग आणि मराठे, आठवीला इंग्रजी राजवट व स्वातंत्र्यलढा, नववीला स्वातंत्र्यानंतरचा भारत आणि दहावीला इतिहास कसा लिहिला जातो व कुठे वापरला जातो याचा विचार. चार वर्षांच्या चक्रात हे नीट बसतं. पहिल्या वर्षाला पाचवी-सहावीची पुस्तकं, दुसऱ्या-तिसऱ्याला चौथी आणि सातवीची, चौथ्याला आठवी-नववीची. राज्याचा अभ्यासक्रम २०२५-२६ पासून पहिलीपासून टप्प्याटप्प्याने बदलतो आहे, म्हणून इयत्तेच्या आकड्यावर विसंबू नका. मेमध्ये अनुक्रमणिका उघडून कोणता काळ कुठे गेला ते पाहा. जुन्या आवृत्त्या जपून ठेवा. घरच्या अभ्यासाला त्या तितक्याच चालतात.

या पुस्तकांची एक उणीव ओळखून घ्यावी लागते. एकेक प्रकरण आटोपशीर असतं, वाक्यं घट्ट असतात आणि मूल ती पाठ करून मोकळं होतं. सर्व महाराष्ट्रासाठी लिहिलेल्या पुस्तकात खानदेशाच्या वाट्याला ओळ-दोन ओळी येणार हेही उघड आहे. त्यामुळे पाठ्यपुस्तकातलं प्रकरण शेवटी वाचावं. आधी जागा, वस्तू किंवा लेख, मग गोष्ट, मग नकाशा, आणि चौथ्या आठवड्यात प्रकरण. तोवर मुलाला त्यातली निम्मी नावं ओळखीची झालेली असतात आणि उरलेली लक्षात राहतात.

खोली वेगळी म्हणजे नेमकं काय, ते एका उदाहरणावरून पाहू. चाळीसगावपासून अठराएक किलोमीटरवर पाटण आहे, पाटणादेवीचं. इथल्या शिलालेखात अशी नोंद आहे की भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आपल्या आजोबांचे ग्रंथ शिकवले जावेत म्हणून मठ स्थापन केला आणि यादवांचे सामंत असलेल्या निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखावर शके ११२८ आहे. दुसऱ्या वर्षाचा एक विषय म्हणून हा लेख घ्यावा आणि चार आठवडे त्यालाच द्यावेत.

सात-आठ वर्षांच्या मुलासाठी यातला मठ आणि तेल एवढंच पुरेसं आहे. दानाच्या मजकुरात जितके घाणे चालतात त्या प्रत्येकामागे पळीभर तेल मठाला द्यायचं असं म्हटलं आहे. स्वयंपाकघरातली पळी घ्या, वाटीत तेल मोजा. गावात पाच घाणे असले तर किती, दहा असले तर किती. दिव्यात पळीभर तेल घालून ते किती वेळ जळतं ते पाहा. मग विचारा, मठातले विद्यार्थी रात्री कशाच्या उजेडात वाचत असतील? त्याने मठाचं चित्र काढावं, खाली एक ओळ लिहावी. बस. या वयात सनावळी, घराण्यांची नावं किंवा यादव कोण हे लादू नये. आठवडाभर घोकून घेतलं तरी ते महिन्यात पुसलं जातं.

दहा-अकराच्या मुलाला तारखेचं कोडं द्यावं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो हे सांगा. ११२८ अधिक ७८ म्हणजे १२०६. पण अभ्यासक या लेखाचं साल १२०७ धरतात. का? लेखातच शकाबरोबर संवत्सराचं नाव दिलं आहे, प्रभव, आणि श्रावण पौर्णिमेचं चंद्रग्रहणही. संवत्सरांची नावं साठ वर्षांनी फिरून येतात. घरातलं पंचांग काढून चालू संवत्सराचं नाव शोधायला सांगा आणि तिथून मागे मोजायला लावा. १९८७ च्या गुढीपाडव्याला प्रभव सुरू झालं होतं. १९८७ मधून साठ-साठ वजा करत गेलं की तेराव्या वजाबाकीला १२०७ येतं. शकाचा आकडा एक सांगतो आणि संवत्सर दुसरं, मग ग्रहण कोणाच्या बाजूने बोलतं ते पाहायचं, आणि ते १२०७ च्या बाजूने बोलतं. आठशे वर्षांपूर्वीच्या दगडावरची तारीख दहा वर्षांचं पोर पंचांग घेऊन पडताळू शकतं, हे त्याला उमगतं तेव्हा त्याचा चेहरा पाहावा. इतिहासाची तारीख म्हणजे कोणीतरी सांगितलेला आकडा, ही समजूत तिथे गळून पडते.

तेरा-चौदाच्या मुलाला लेखाचं छापील वाचन द्यावं. प्रत्यक्ष दगडावरून अक्षरं लावणं सरावाच्या माणसालाही अवघड असतं. बराचसा भाग संस्कृतात आहे, पण बाजारातल्या उत्पन्नाचा हिस्सा मठाला देण्याचा मजकूर जुन्या मराठीत आहे: ‘इया पाटणी जे केणे उघटे’, म्हणजे या पाटणात जो विक्रीचा माल उघडला जाईल, त्यावरचं राजाचं येणं मठाला दिलं. इथे प्रश्न असे. स्तुतीचा भाग संस्कृतात आणि कराचा भाग मराठीत का? कर कोण भरणार होतं आणि त्याला कोणती भाषा समजत होती? सोइदेवाने स्वतःच्या तिजोरीतून दिलं की बाजाराच्या खिशातून? ज्योतिष शिकवणाऱ्या मठाला सामंत दान का देतो? उत्तर एक पान, आणि प्रत्येक विधानाला लेखातला शब्द पुराव्याला. ‘मला वाटतं’ चालेल, पण ‘कारण लेखात असं म्हटलं आहे’ त्याच्या पुढे यायला हवं. याच मुलाने भास्कराचार्यांचा जन्म १११४ चा आणि सिद्धांतशिरोमणी ११५० चा हे पट्टीवर लावावं आणि नातू तिथे कसा बसतो ते तपासावं.

चौथ्या आठवड्यात सगळे मिळून पाटणादेवीला. धाकटा देवळाच्या भिंतीवरचे हत्ती-घोडे शोधतो, मधली मापं घेते, मोठा टिपणं काढतो. सप्टेंबरअखेर ते नोव्हेंबर हा काळ उत्तम, धबधबेही असतात आणि ऊनही सोसवतं.

पट्टीचा उल्लेख आला, तर ती कशी करायची तेही सांगतो, कारण ती बहुतेक घरांत चुकते. जुन्या कॅलेंडरची पानं पाठीमागून कोरी असतात, ती चिकटवून लांब पट्टी करा. एक सेंटिमीटर म्हणजे दहा वर्षं. इसवी सनापूर्वी २००० पासून आजपर्यंत चार हजार वर्षांसाठी चार मीटर लागतात, म्हणजे साधारण खोलीच्या एका भिंतीवर ती मावत नाही आणि कोपरा वळते. वळू द्या. शिवरायांचं पन्नास वर्षांचं आयुष्य या पट्टीवर पाच सेंटिमीटर येतं, १८५७ ते १९४७ नऊ सेंटिमीटर. तिथे लिहायला जागा उरत नाही म्हणून लोक शेवटचा भाग ताणून मोठा करतात. इथेच घात होतो. एकाच पट्टीवर दोन प्रमाणं आली की मुलाला पेशवाई आणि सातवाहन सारख्याच लांबीचे वाटू लागतात. त्याऐवजी दुसरी पट्टी करा, १८१८ पासून पुढची, एक सेंटिमीटर म्हणजे एक वर्ष. ती दोन मीटरच्या थोडी वर जाते आणि तिच्यावर आजी-आजोबांचे जन्म, गावात वीज आली ते साल, आईवडलांचं लग्न सगळं मावतं. पट्टीवर काही चिकटवायचं ते मुलांनीच. पालकांनी सुबक करून दिलेली पट्टी कोणी बघत नाही.

नकाशासाठी ट्रेसिंग पेपर. खाली तापीच्या खोऱ्याचा एक पक्का नकाशा, नद्यांसह, सातपुडा वर आणि सातमाळा-अजिंठ्याची रांग खाली. त्यावर एकावर एक पारदर्शक कागद ठेवत खानदेश बदलत गेलेला दाखवा. फारुकींचा खानदेश, ज्यात बुऱ्हाणपूर आणि असिरगड आहे. १६०१ मध्ये असिरगड अकबराकडे गेल्यावर शाहजादा दानियालच्या नावाने झालेला दानदेश. १८१८ नंतरचा इंग्रजांचा खानदेश. १८६९ मध्ये नाशिक जिल्हा झाला तेव्हा तिकडे गेलेला दक्षिणेचा भाग. १९०६ चे पूर्व आणि पश्चिम खानदेश, नंतरचे जळगाव आणि धुळे, आणि १ जुलै १९९८ चा नंदुरबार. बुऱ्हाणपूर आज मध्य प्रदेशात का आणि रावेरच्या माणसाचे सोयरे तिकडे कसे, याचं उत्तर या कागदांतून निघतं. दहा वर्षांच्या पुढच्या सगळ्या मुलांना हे काम आवडतं, आणि तलाठी कार्यालयातला नकाशा त्यांना पुढे कधीच परका वाटत नाही.

आता वर्षाचा हिशेब. जूनच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत चव्वेचाळीस आठवडे होतात. दिवाळीचे दोन-तीन, कानबाई, पोळा, गणपती मिळून दोन, लग्नकार्य आणि आजारपणाचे तीन वजा केले की छत्तीस उरतात. त्यातले चार मुद्दाम कोरे ठेवा. बत्तीस आठवडे, आठ विषय, प्रत्येकाला चार आठवडे. आठपेक्षा जास्त विषय घेऊ नयेत. आठवड्याला तीन बैठका पुरतात. सोमवारी सगळ्यांनी मिळून वीस मिनिटं मोठ्याने वाचन आणि लगेच सांगणं, आधी धाकट्याने, कारण मोठ्याने आधी सांगितलं तर धाकट्याला सांगायला काही उरत नाही. बुधवारी नकाशा आणि पट्टी. शुक्रवारी ज्याचं त्याचं काम: सात-आठला पंचवीस मिनिटं, दहा-अकराला चाळीस, तेराच्या पुढे तास.

यात ठरलेला बिघाड म्हणजे पहिला विषय दिवाळीपर्यंत लांबणं. अश्मयुगाची हत्यारं, गुहाचित्रं, मातीची भांडी, सगळ्यात मजा असते, म्हणून दोन महिने तिथेच जातात आणि सातवाहन मार्चमध्ये घाईने उरकले जातात. उपाय एकच. प्रत्येक विषयाची शेवटची तारीख कॅलेंडरवर आधी लिहायची आणि त्या दिवशी जे राहिलं ते सोडून पुढे जायचं. सोडलेलं चार वर्षांनी परत येणारच आहे. दुसरा बिघाड कापूस वेचणीच्या दिवसांतला. ऑक्टोबर ते डिसेंबर शेतकरी घरांत दिवसाची बैठक होत नाही. त्या आठवड्यांत वाचन रात्री जेवणानंतर ठेवा आणि लिहिण्याचं काम पूर्ण थांबवा.

बाकीच्या सहली नोव्हेंबर ते फेब्रुवारी. अजिंठा सोमवारी बंद असतं, आणि फर्दापूरच्या फाट्यापासून पुढे एसटीच्या गाडीने जावं लागतं, तो वेळ धरून चाला. सगळी लेणी पाहण्याच्या मागे लागू नका. नऊ, दहा, सोळा, सतरा आणि एक, एवढी पाच पुष्कळ. नऊ आणि दहा जुन्या काळची, बाकी वाकाटक काळातली, मध्ये काही शतकांचं अंतर, आणि ते अंतर मुलांनीच शोधायचं: कोणत्या लेण्यात बुद्धाची कोरलेली मूर्ती आहे आणि कोणत्यात नुसता स्तूप? दहाव्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने कोरलेली २८ एप्रिल १८१९ ची तारीख आहे. पाहून झाल्यावर विचारावं, त्याने भिंतीवर नाव कोरलं ते योग्य की अयोग्य? धाकटाही यात हिरिरीने बोलतो. फ्लॅशला बंदी आहे आणि आत उजेड मंद असतो, डोळे सरावेपर्यंत दोन-तीन मिनिटं गप्प उभं राहायचं हे आधीच सांगून ठेवा.

एप्रिल-मे हा बाहेर जायचा काळ नव्हे, तो ऐकण्याचा. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरवाशिणी येतात, आत्या-मावश्या एकत्र असतात, झोके बांधले जातात, गौराईची गाणी होतात. मुलाखती तेव्हाच घ्याव्यात. विषय १९७२ च्या दुष्काळाचा घ्या, तो पाहिलेली माणसं अजून घरोघरी आहेत. ‘तेव्हा कसं होतं?’ असं विचारलं तर ‘लई हाल व्हतात’ एवढंच उत्तर येतं आणि मुलाखत संपते. त्याऐवजी वस्तू विचारा. भाकरी कशाची होती? पाणी कुठून आणायचं, किती खेपा? खडी फोडायला कोण कोण जायचं, हप्त्याला काय मिळायचं? गुरांचं काय केलं? मग आजी सांगायला लागते, ‘त्या सालले मिलोनी भाकर खादी’, आणि लाल रंगाची ती आयात ज्वारी, तिचा वास, सुकडी, सगळं येत जातं. मोबाइलवर रेकॉर्ड करा, एका बैठकीला वीस मिनिटांच्या वर नको, म्हातारं माणूस दमतं. दुसऱ्या दिवशी मुलाने ते उतरवून काढावं आणि अहिराणी, तावडी, लेवा, पावरी जी बोली असेल ती तशीच ठेवावी. प्रमाण मराठीत आणली की निम्मी माणसं त्यातून निघून जातात.

मोठ्या मुलाला इथे एक काम जास्तीचं द्यावं. आठवणीत वर्षं एकमेकांत मिसळतात. आजी ‘बहात्तर’ म्हणते ते कधी सत्तरचं असतं, कधी नंतरचं. तिला साल विचारू नये, ‘मोठ्या मामाचा जन्म त्याच्या आधी की नंतर?’ असं विचारावं आणि दोन-तीन जणांची उत्तरं शेजारी लावून पाहावीत. रोजगार हमी योजना याच दुष्काळातून उभी राहिली आणि कायदा १९७७ चा, हे पाठ्यपुस्तकातलं वाक्य मग नुसतं वाक्य राहत नाही.

वयाचा प्रश्न खऱ्या अर्थाने अवघड होतो तो हिंसेच्या जागी. थाळनेरचं उदाहरण घ्या. धाकट्याला तिथे तापीचा काठ, किल्ल्याचे अवशेष आणि फारुकींच्या कबरींवरचं कोरीवकाम दाखवावं. तेराच्या पुढच्या मुलाला २७ फेब्रुवारी १८१८ सांगायला हवा. इंग्रजांशी झालेल्या मंदसोरच्या तहाने होळकरांनी हा मुलूख सोडला होता, किल्लेदार तुळशीराम मामाने किल्ला द्यायला नकार दिला. पुढे दरवाज्यातल्या गोंधळात आत शिरलेले इंग्रज अधिकारी मारले गेले, त्यानंतर शिबंदी कापली गेली आणि जनरल हिस्लॉपने किल्लेदाराला फाशी दिलं. याची चर्चा पुढच्या वर्षी खुद्द ब्रिटिश संसदेत झाली. मुलाने वहीत दोन रकाने करावेत, हिस्लॉपच्या बाजूने काय म्हणता येईल आणि किल्लेदाराच्या बाजूने काय. किल्लेदाराला तहाची बातमी खात्रीची वाटली होती का? बोलणी सुरू असताना आत शिरणं म्हणजे हल्ला की ताबा? घाईने निकाल मागू नये.

खानदेशचं १८८० चं इंग्रजी गॅझेटियर या वयाला उघडावं. शेती, बाजार, रस्ते, पांझरेकाठचे बंधारे यांची त्यातली माहिती मोलाची आहे. फड बागायतीचा अभ्यास तर त्याशिवाय अपुराच राहतो: नदीत बंधारा, त्यातून पाट, पाटाखालच्या जमिनीचे फड, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि पाणी सोडायला गावानेच नेमलेला पाटकरी. पण भिल्लांबद्दलची त्यातली भाषा राज्यकर्त्यांची आहे, लुटारू आणि रानटी अशी. ती गाळून वाचून दाखवू नका. मुलाला ती दिसू द्या आणि विचारा, हे कोणी लिहिलं, कोणासाठी? मग इंग्रज अधिकारी औट्रमची १८२५ ची भिल्ल पलटण आणि भिल्ल पुढारी खाज्या नाईकचा १८५७-५८ चा उठाव शेजारी ठेवा. चाळीसगाव-कन्नडच्या घाटाला औट्रमचं नाव आहे आणि खाज्या नाईकचं नाव किती ठिकाणी आहे, हे मुलानेच शोधावं. सातपुड्यातली मुलं ज्या घरांत शिकतात तिथे हा भाग आठव्या वर्षीही घ्यायला हरकत नाही, कारण तिथे तो आजोबांच्या गोष्टीतून आधीच पोचलेला असतो.

शिरीषकुमार मेहता ९ सप्टेंबर १९४२ ला नंदुरबारच्या मिरवणुकीत गोळीला बळी पडला तेव्हा पंधरा वर्षांचा होता. चौथं वर्ष चालू नसलं तरी त्या तारखेला त्याचा विषय निघावा. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला तो तिरंगा घेऊन उभा राहिला इथपर्यंत सांगावं, आणि ‘मग काय झालं?’ असं विचारलं तर खरं सांगावं, थोडक्यात. मुलं प्रश्न विचारतात तेवढं उत्तर त्यांना पेलतं.

धुळ्याला एक दिवस राखून ठेवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच वारले आणि लगेच १९२७ मध्ये त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ उभं राहिलं. तिथल्या मूर्ती आणि कागदपत्रं, आणि समर्थ वाग्देवता मंदिरातली हस्तलिखितं, ही दोन्ही ठिकाणं मोठ्या मुलासाठी. आधी फोन करून, काय पाहायचं आहे ते सांगून जावं. मोडीचा एक कागद तिथे डोळ्यांनी पाहिला की घरातल्या पेटीत पडलेलं पणजोबांचं खरेदीखत वाचावंसं वाटतं. त्यासाठी मोडीची बाराखडी रोज पंधरा मिनिटं, उन्हाळाभर.

कागदपत्रांचं थोडक्यात. शिक्षणहक्क कायदा २००९ चा, तो सहा ते चौदा वयाच्या मुलांना लागू आहे आणि मुलाला शाळेत घालणं हे पालकाचं कर्तव्य म्हणून त्यात लिहिलं आहे, मात्र पालकाला शिक्षेची तरतूद नाही. घरी शिकवण्याला वेगळी परवानगी देणारं कलमही नाही. त्यामुळे वाट मोकळी ठेवून चालावं. कलम चार प्रमाणे मुलाला वयानुरूप इयत्तेत केव्हाही प्रवेश मिळतो, म्हणून जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला जपा आणि प्रत्येक विषयातून महिन्याला दोन कामं तारखेसह फाइलला लावा. पुढे राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाच्या पाचवी, आठवी, दहावीच्या परीक्षा आहेत आणि एनआयओएसची, म्हणजे राष्ट्रीय मुक्त विद्यालयाची, दहावी आहे. एनआयओएसला किमान वय चौदा लागतं, परीक्षा वर्षातून दोनदा होतात आणि पाच वर्षांत नऊ संधी मिळतात.

परीक्षेच्या वर्षी त्या मुलाला चक्रातून बाहेर काढा. सोमवारचं सामूहिक वाचन त्याने ऐकावं, बुधवार-शुक्रवार परीक्षेच्या पुस्तकाला द्यावेत. दोन्ही ओढत नेलं तर परीक्षेचं नुकसान होतं आणि त्याची चिडचिड धाकट्यांवर निघते. मधेच, समजा दिवाळीनंतर, शाळा सोडून आलेल्या मुलालाही मागचं भरून काढायला लावू नये. घरात जो विषय चालू असेल त्यात त्याला बसवावं, पहिला महिना लेखी काम अजिबात देऊ नये, आणि पट्टीवर त्याचा जन्म, त्याच्या आजोबांचा जन्म आणि शाळेत शिकलेल्यापैकी जे जे आठवतं ते त्याच्या हातानेच लावून घ्यावं. कुठे मोकळी जागा आहे ते पट्टीवर त्यालाच दिसतं, आणि पुढच्या मे महिन्यात आखणीला बसताना तिथून सुरुवात करता येते.